सुखारेवांची मुलं

१९२४ साल. मॉस्कोतल्या एका दवाखान्यात १२ वर्षांच्या मुलाला तपासणीसाठी आणलं होतं. मुलगा हडकुळा, पाठीत वाकलेला, चाल मंद आणि अवघडलेली. पाचव्या वर्षापर्यंत तो आपला आपण वाचायला शिकला होता आणि तेव्हापासून हाताला लागेल ते वाचत सुटला होता. खेळण्यांशी तो कधी खेळलाच नव्हता. बरोबरीच्या मुलांत रमायचा नाही, मोठ्या माणसांत बसून गहन विषयांवर बोलायला मात्र त्याला आवडायचं. सतत कसली तरी धास्ती आणि वरचेवर पोटदुखी.

त्याला तपासणाऱ्या डॉक्टर तिशी नुकतीच ओलांडलेल्या होत्या. ग्रुन्या येफिमोव्हना सुखारेवा. जन्म कीव्हचा, १८९१ चा. १९१५ मध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून त्यांनी कीव्हच्या मनोरुग्णालयात काही वर्षं काढली आणि १९२१ मध्ये मॉस्कोत मुलांसाठी एक उपचारशाळा सुरू केली. त्या वर्षांतला रशिया डोळ्यांपुढे आणला पाहिजे. महायुद्ध, क्रांती, यादवी आणि दुष्काळ एकामागून एक येऊन गेले होते. घर हरवलेली, आईबाप गमावलेली मुलं स्टेशनांवर आणि रस्त्यांवर लाखांनी फिरत होती. अशा मुलांना सावरण्यासाठी देशभर ज्या शाळा निघाल्या, त्यांतलीच ही एक. मुलं तिथं तासाभराच्या तपासणीपुरती येत नसत, राहायलाच येत. कसरत, चित्रकला, सुतारकाम असा दिवस आखलेला असे आणि डॉक्टर त्या सगळ्या दिवसाकडे लक्ष ठेवून असत.

मला या कथेत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. आघात सोसलेल्या मुलांचा एवढा मोठा समुदाय सभोवती असताना सुखारेवांना काही थोडी मुलं वेगळी दिसली. त्यांचं वेगळेपण आघातातून आलेलं नव्हतं, ते जन्मापासूनचं होतं. जे घडून गेलं त्याने मोडलेलं मूल आणि मुळातच निराळ्या घडणीचं मूल यांतला फरक त्या ओळखत होत्या. आज, शंभर वर्षांनी, मानसोपचाराच्या ओपीडीत समोर बसलेल्या तरुण मुलीला व्यक्तिमत्त्व विकार आहे की ऑटिझम, असा प्रश्न डॉक्टरांना पडतो तेव्हा ते याच फरकाचा शोध घेत असतात.

त्या १२ वर्षांच्या मुलासारखे आणखी पाच मुलगे सुखारेवांना सापडले. सहा जणांचं वर्णन त्यांनी १९२५ मध्ये रशियनमध्ये आणि १९२६ मध्ये एका जर्मन नियतकालिकात छापलं. चेहऱ्यावर भाव उमटत नाहीत, हालचालींत डौल नाही, इतर मुलांपासून लांब राहणं, ठरावीक साच्यातलं बोलणं, एकाच विषयाचा ध्यास, काही आवाज आणि काही वास मुळीच सहन न होणं. आजचा कुठलाही बालमनोविकारतज्ज्ञ ही यादी वाचून दुसरं नाव घेणार नाही. आवाज-वासांचा मुद्दा तर अमेरिकन निदानपुस्तिकेत निकष म्हणून यायला २०१३ साल उजाडावं लागलं.

सुखारेवांनी लेखाला नाव दिलं होतं ‘बालवयातील स्किझॉइड सायकोपॅथी’. आज हे शब्द कानाला भयंकर वाटतात, पण त्या काळी त्यांचे अर्थ निराळे होते. झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात स्किझोफ्रेनियाची मांडणी केली आणि त्या रुग्णांच्या स्वतःत मिटून जाण्याला ‘ऑटिझम’ हा ग्रीक मुळाचा शब्द वापरला. आपली ‘स्वमग्नता’ त्याच मुळावर बेतलेली आहे. म्हणजे ऑटिझम हे आरंभी स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण होतं. पुढे १९२१ मध्ये एर्न्स्ट क्रेच्मर यांनी आजार नसलेल्या पण त्या दिशेला झुकलेल्या, आतून अतिशय हळव्या आणि वरून थंड अशा स्वभावाला ‘स्किझॉइड’ म्हटलं. आणि ‘सायकोपॅथी’ म्हणजे गुन्हेगारी नव्हे. कुर्ट श्नायडर यांनी १९२३ मध्ये तिची व्याख्या केली ती अशी, की ज्या स्वभावामुळे माणूस स्वतः सोसतो किंवा समाजाला सोसावं लागतं, असा सरासरीपासून दूर गेलेला स्वभाव. आजच्या भाषेत, व्यक्तिमत्त्व विकार.

तेव्हा ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन छापून आलं ते व्यक्तिमत्त्व विकाराच्या नावाने. आज ज्या दोन निदानांमध्ये आपण रेघ ओढू पाहतो, ती एकाच घरात जन्मली आहेत.

मात्र नाव जुनं वापरलं तरी सुखारेवांची नजर जुनी नव्हती. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण काळाबरोबर ढासळत जातो. ही मुलं ढासळत नव्हती, उलट योग्य सोबत आणि शिस्त मिळाली की सुधारत होती. हा फरक त्यांनी स्पष्ट नोंदवला. कारण त्यांनी मेंदूच्या घडणीत शोधलं, आईच्या वागण्यात शोधलं नाही. पुढे पश्चिमेत दोन-तीन दशकं आयांच्या थंडपणाला दोष देण्यात गेली आणि किती घरांना तो दोष आयुष्यभर वाहावा लागला हे आठवलं, की सुखारेवांचं हे शहाणपण फार मोठं वाटतं.

सोव्हिएत देशात त्यांचं नाव झालं. १९३५ मध्ये मॉस्कोत डॉक्टरांच्या उच्च प्रशिक्षण संस्थेत बालमानसोपचाराचा विभाग त्यांनी उभा केला, आणि मुलांचं एक मनोरुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. १९५९ मध्ये तर त्यांनी ‘स्किझॉइड’ शब्द टाकून ‘ऑटिस्टिक’ हा शब्द स्वतःच स्वीकारला. पण देशाबाहेर त्यांचा तो जर्मन लेख, ‘स्सुखारेवा’ अशा चमत्कारिक स्पेलिंगच्या नावाखाली, नियतकालिकाच्या बांधीव खंडात पडून राहिला.

पुढची गोष्ट अनेकांच्या ओळखीची आहे. १९४३ मध्ये बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन केलं, ८ मुलगे आणि ३ मुली. त्यांनी ऑटिझमला तान्हेपणी सुरू होणारी स्वतंत्र अवस्था मानलं. १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांचा लेख आला. त्यात चार मुलगे होते आणि शीर्षकात ‘ऑटिस्टिक सायकोपॅथ’ हे शब्द. सुखारेवांचा त्यात उल्लेख नाही. आस्पेर्गर यांना पूर्ण चित्र असलेली मुलगी आढळली नव्हती, आणि ऑटिस्टिक व्यक्तिमत्त्व हे पुरुषी बुद्धीचं टोकाचं रूप आहे असं त्यांनी लिहून ठेवलं. त्याच व्हिएन्नात ‘अम श्पीगेलग्रुंड’ नावाची संस्था होती. नाझी राजवटीत तिथे ७८९ मुलं मेली. आस्पेर्गर यांनी तिथे मुलं पाठवली होती, हे इतिहासकार हेर्विग चेख यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं. कोणतं मूल सुधारण्याजोगं आणि कोणतं नाही, हा निर्णय तिथे जीवनमरणाचा होता. निदानाच्या शब्दांकडे हलक्या मनाने पाहू नये असं मला वाटतं, त्यामागे हा इतिहास आहे.

आता ब्रिटनला येऊ. खरा वाद तिथेच झाला, आणि तो फार सभ्यपणे झाला.

लंडनच्या लोर्ना विंग मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका ऑटिस्टिक मुलीच्या आईही. १९६२ मध्ये ब्रिटनमधली ऑटिझमची राष्ट्रीय संस्था सुरू करणाऱ्या पालकांत त्या होत्या. १९८१ मध्ये त्यांनी ३४ व्यक्तींवरचा लेख लिहून आस्पेर्गर यांचं काम इंग्रजी वाचकांपुढे आणलं. मात्र आस्पेर्गर यांचं मूळ नाव त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवलं. इंग्रजीत ‘सायकोपॅथ’ म्हटलं की लोकांना निर्दय, समाजविघातक माणूसच आठवतो. ते ओझं या मुलांच्या माथी नको, म्हणून त्यांनी साधं, कोणताही अर्थ न चिकटलेलं नाव निवडलं, ‘आस्पेर्गर्स सिंड्रोम’. एका आईने आणि डॉक्टरने केलेली ही निवड होती. त्या एका शब्दबदलाने ही माणसं व्यक्तिमत्त्व विकाराच्या घरातून उचलली जाऊन ऑटिझमच्या घरात आली.

त्याच सुमारास एडिंबराच्या मुलांच्या रुग्णालयात सुला वुल्फ काम करत होत्या. त्यांचा जन्म बर्लिनचा, १९२४ चा. मॉस्कोत तो मुलगा तपासणीला आला, त्याच वर्षीचा. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांचं कुटुंब इंग्लंडला आलं होतं. वुल्फ यांच्याकडे येणारी मुलं एकटी, एककल्ली, हळवी, बोलायला विचित्र, पण बुद्धीने चांगली. या मुलांना त्यांनी ‘स्किझॉइड व्यक्तिमत्त्व’ म्हटलं, आणि त्यांच्या मागे राहून ती मोठी झाल्यावर त्यांचं काय झालं ते पाहिलं. बहुतेकांनी आपापलं आयुष्य उभं केलं होतं, कोणी नोकरीत तर कोणी संसारात. १९९५ मध्ये ‘लोनर्स’ या पुस्तकात हा सगळा प्रवास आला.

एकाच तऱ्हेच्या मुलांना लंडनमध्ये ऑटिझमच्या बाजूचं नाव मिळत होतं आणि एडिंबरात व्यक्तिमत्त्वाच्या बाजूचं. दोघींनाही याची जाणीव होती. विंग यांनी १९८१ च्या लेखातच मान्य केलं होतं की या अवस्थेला स्किझॉइड व्यक्तिमत्त्वाचा एक प्रकार म्हणायला हरकत नाही, मात्र असं म्हणण्याचा उपयोग काय, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते यापेक्षा प्रामाणिक वाक्य या वादात दुसऱ्या कोणी लिहिलेलं नाही. निदान ही नुसती चिठ्ठी नसते. पुढे कोणतं दार उघडेल, शाळा काय देईल, आई स्वतःला दोष देईल की नाही, हे सगळं निदानावर ठरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने हा तंटा मोठ्या साधेपणाने मिटवला. १९९२ च्या दहाव्या वर्गीकरणात आस्पेर्गर्स सिंड्रोमच्या नोंदीखाली आणखी दोन नावं लिहिली आहेत, ‘ऑटिस्टिक सायकोपॅथी’ आणि ‘बालपणातील स्किझॉइड विकार’. आस्पेर्गर आणि वुल्फ दोघंही एका ओळीत. भारतातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हेच वर्गीकरण वापरलं. त्या ओळीमागे केवढा इतिहास दडला आहे याची कल्पना किती जणांना असेल?

पण १९८० मध्ये अमेरिकेत एक गोष्ट झाली होती आणि तिचे परिणाम फार दूरवर गेले. रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघाली. त्यात ऑटिझम हा ३० महिन्यांच्या आत सुरू होणारा बालपणीचा विकार ठरला. मोठ्या माणसांसाठी स्किझॉइड, स्किझोटायपल, अव्हॉयडंट आणि बॉर्डरलाइन अशा व्यक्तिमत्त्व विकारांचा वेगळाच कप्पा झाला. एका कप्प्यात तीन वर्षांची मुलं, दुसऱ्यात तीस वर्षांची माणसं. तीन वर्षांचं मूल कधीतरी तीस वर्षांचं होतं, याची सोय या मांडणीत नव्हती. वेळेवर बोलायला लागलेलं, शाळेत पहिलं-दुसरं येणारं मूल पहिल्या कप्प्यात कधी बसलंच नाही. ते विसाव्या-पंचविसाव्या वर्षी कोलमडून डॉक्टरांकडे गेलं, तेव्हा त्यांच्यापुढे दुसराच कप्पा उघडा होता.

त्यातही बायकांचं काय झालं ते पाहा. ‘बॉर्डरलाइन’ शब्द न्यूयॉर्कच्या अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये वापरला, न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमेवरच्या रुग्णांसाठी. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत लिहिलं होतं की या निदानाच्या सुमारे ७५ टक्के रुग्ण स्त्रिया असतात. ऑटिझमचं उलट. तो चौपट मुलग्यांत आढळतो असं सगळीकडे शिकवलं जात होतं. मग समोर रडणारी, हातावर ब्लेडचे वळ असलेली, मैत्रिणी टिकत नाहीत म्हणून खचलेली बाई आली, की डॉक्टरांचा हात कोणत्या कप्प्याकडे जाणार हे आकड्यांनीच ठरवून ठेवलं होतं.

आणि तो कप्पा कोरडा नव्हता. १९८८ मध्ये ग्लिन लुइस आणि लुइस अॅपलबी यांनी ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांना काही केसचं वर्णन वाचायला दिलं. मजकूर तोच, मात्र काहींच्या वर्णनात पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झाल्याचा उल्लेख होता. तेवढ्या उल्लेखाने तोच रुग्ण डॉक्टरांना त्रासदायक, लक्ष वेधू पाहणारा, सहानुभूतीला कमी पात्र वाटू लागला. आपल्याकडच्या वॉर्डांतही ‘नाटकं करते’ हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता डॉक्टर फरक करतात तो कसा? समजा, मैत्रिणीने ऐन वेळी भेट रद्द केली आणि समोरची मुलगी उन्मळून पडली. बॉर्डरलाइनच्या मुळाशी टाकलं जाण्याची भीती असते. ‘तिला मी नकोशी झाले’ हा विचार सगळं पेटवतो. ऑटिस्टिक मुलीचा दिवस कोसळलेला असतो. पाच वाजता निघायचं, अमुक बस, अमुक हॉटेल, तिथलं ठरलेलं टेबल असा मनात रचलेला अख्खा दिवस. मैत्रीण नंतर प्रेमाने समजूत घालायला आली तर पहिली शांत होऊ शकते. दुसरीला तिच्या येण्याने आणखी गडबडायला होतं, तिला काळोखी, शांत खोली हवी असते. दोघी रडतात, दोघी स्वतःला इजा करू शकतात. बाहेरून दृश्य एकच.

म्हणून अनुभवी डॉक्टर नातेसंबंधांच्या पलीकडचं विचारतात. नातं सुरळीत असताना, घरात कोणी नसताना काय होतं? मिक्सरचा आवाज, ट्यूबलाइटची घरघर, कपड्याच्या गळ्याशी टोचणारं लेबल यांचं काय? एकटं राहणं कशामुळे आहे? स्किझॉइड माणसाला सोबतीची ओढच कमी असते. अव्हॉयडंट माणसाला ओढ असते, पण नाकारलं जाण्याची भीती अडवते. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना सोबत हवी असते, पण इतरांना न शिकवताच कळणारे संकेत त्यांना परक्या भाषेसारखे वाटतात, आणि दिवसभर ती भाषा बोलून ती थकून जातात. या थकव्यावर पांघरूण घालायला अनेक मुली लहानपणीच शिकतात. वर्गातल्या एखादीचं हसणं, बोलणं, केस मागे सारणं जसंच्या तसं उचलतात. संशोधक याला मुखवटा म्हणतात. वीस वर्षं मुखवटा घातला की ‘मी कोण’ हेच कळेनासं होतं, आणि बॉर्डरलाइनच्या निकषांत ‘स्वतःविषयीची अस्थिर प्रतिमा’ आहेच! इथे चांगले डॉक्टरही चुकू शकतात.

शेवटी सगळं बालपणापाशी येऊन ठेपतं. व्यक्तिमत्त्व विकार साधारण पौगंडावस्थेत आकार घेतो, ऑटिझम पहिल्या वर्षांपासून असतो. म्हणून आईला सोबत बोलावतात. बोट दाखवून वस्तू दाखवायची का, बाहुल्यांशी खेळायची की बाहुल्या रांगेत लावायची, वाढदिवसाला पाहुणे आले की कुठे लपायची? आई आठवते, चाचरते, जुने फोटो आणि प्रगतिपुस्तकं काढून आणते. आई नसेल, किंवा घरातच मार आणि भीती असेल, तर हा आधारही जातो, कारण आघाताने पोळलेलं मूलही गप्प होतं, दचकतं, लपतं. शिवाय दोन्ही निदानं एकाच माणसात असू शकतात. २०१५ मध्ये मेंग-चुआन लाइ आणि सायमन बॅरन-कोहेन यांनी उशिरा कळलेल्या किंवा कळलेल्याच नसलेल्या अशा प्रौढांना ‘हरवलेली पिढी’ म्हटलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझम २१ प्रकारांत आला, पण डोळ्यांपुढे अजूनही लहान मुलगाच असतो.

सुला वुल्फ यांच्या हाती पुढे सुखारेवांचा तो लेख लागला. तो जर्मनमध्ये होता, म्हणजे त्यांच्या बालपणीच्या भाषेत, ज्या देशातून परागंदा व्हावं लागलं त्याच्या भाषेत. त्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर करून १९९६ मध्ये छापलं. आस्पेर्गर यांच्याआधी जवळजवळ दोन दशकं एका बाईने हे सगळं पाहिलं होतं, हे जगाला तेव्हा कळलं. सुखारेवा स्वतः १९८१ मध्ये मॉस्कोत वारल्या होत्या, विंग यांचा लेख आला त्याच वर्षी.

वुल्फ यांनी भाषांतर केलं ते सहा मुलग्यांच्या लेखाचं. आधीच्याच वर्षी मुलींवर एक स्वतंत्र लेख लिहिणाऱ्या वुल्फ यांच्या हातूनही सुखारेवांचा दुसरा लेख मागेच राहिला. १९२७ मध्ये त्याच जर्मन नियतकालिकात सुखारेवांनी मुलींवर लिहिलं होतं. मुलींमध्ये हे चित्र वेगळं दिसतं, भावनांची उलथापालथ जास्त पुढे येते, असं त्यांचं निरीक्षण होतं. नेमकी तीच गोष्ट, जिच्यामुळे पुढच्या पिढ्यांतल्या मुली दुसऱ्या कप्प्यात जाणार होत्या. हा लेख इंग्रजीत यायला २०२० साल उजाडलं. तेव्हा त्याला ९३ वर्षं झाली होती, आणि त्या लेखातल्या मुलींची नातवंडंही आता प्रौढ झाली असतील.